रक्त जुळले नाही, म्हणजे नाते खोटे नव्हे!

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी दवाखाना बंद करण्याच्या वेळी जिंतूर तालुक्यातील एक पंचविशीचा तरुण आला. आजारी तो नव्हता. त्याच्या धाकट्या बहिणीला रक्ताचा कर्करोग झाला आहे. छत्रपती संभाजीनगरला निदान झाले आणि तेथून तिला मुंबईला पाठविण्यात आले. औषधांचा पहिला टप्पा पार पडला, आजार आटोक्यात आला. परंतु हा प्रकार पुन्हा उलटण्याची भीती मोठी. म्हणून तेथील डॉक्टरांनी अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा, म्हणजे हाडातील मगज बदलण्याचा सल्ला दिला. भावाची तपासणी झाली. अहवाल आला : जुळत नाही.

घडी घातलेला कागद माझ्यासमोर ठेवून त्याने खाली मान घालून विचारले, "डॉक्टरसाहेब, आम्ही सख्खे भाऊ-बहीण ना? मग माझं तिला जुळत कसं नाही? घरात आजी एक बोलते, चुलती दुसरंच बोलते. आई दोन दिवस झाले, नीट जेवली नाही."

वाचकहो, आजाराचे दुःख होतेच. त्यात या एका कागदाने त्या घरात नसता संशय पेरला होता. शिवाय "जुळले नाही, म्हणजे आता काही होत नाही" असे समजून बहिणीला गावी परत आणण्याचे घाटत होते. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. त्या तरुणाला मी जे सांगितले तेच आज जरा सविस्तर आपल्यापुढे मांडत आहे. त्यासाठी आपल्या रक्तात फिरणाऱ्या एका वेगळ्याच पहारेकऱ्याची ओळख करून घ्यावी लागेल.

रक्तगट वेगळा, एचएलए वेगळे

रक्तदान शिबिरामुळे ए, बी, ओ हे रक्तगट आता सर्वांना माहीत झाले आहेत. हे गट मुख्यतः तांबड्या पेशींवरच्या खुणांवरून ठरतात. मगजाच्या प्रत्यारोपणात मात्र दुसऱ्याच खुणा पाहतात. त्यांना एचएलए म्हणतात. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीच्या अंगावर या खुणा असतात. रक्तगट मोजके, तर एचएलएचे प्रकार हजारोंनी आहेत. त्यामुळे रक्तगट एक असूनही एचएलए न जुळणे आणि रक्तगट वेगळा असूनही एचएलए जुळणे, दोन्ही घडते.

या खुणांची जनुके सहाव्या गुणसूत्रावर एका गठ्ठ्यात बसलेली असतात. प्रत्येकाकडे असे दोन गठ्ठे असतात, एक वडिलांकडून आलेला आणि एक आईकडून. समजा, वडिलांकडे तांबडा आणि पिवळा गठ्ठा आहे, आईकडे निळा आणि हिरवा. मुलाला वडिलांचा कोणता तरी एक आणि आईचा कोणता तरी एक मिळणार. म्हणजे तांबडा-निळा, तांबडा-हिरवा, पिवळा-निळा आणि पिवळा-हिरवा अशा चार जोड्या झाल्या. बहिणीला तांबडा-निळा मिळाला असेल, तर भावालाही नेमकी तीच जोडी मिळण्याची शक्यता चारात एक. अर्धे जुळण्याची शक्यता दोनात एक. आणि काहीच न जुळण्याची पुन्हा चारात एक.

याचा अर्थ स्पष्ट आहे. सख्ख्या भावंडांचे पूर्ण न जुळणे हीच अधिक वेळा घडणारी गोष्ट आहे. त्यात कोणाचाही दोष नाही आणि नात्यावर शंका घेण्याचे कारण तर मुळीच नाही. एक भावंड असेल तर पूर्ण जुळण्याची शक्यता शेकडा २५, दोन असतील तर सुमारे ४४ आणि चार असतील तर सुमारे ६८. पूर्वी घरात पाच-सहा भावंडे असत. आता एक किंवा दोनच असतात. कुटुंब लहान झाले हे चांगलेच झाले, पण जुळणारे भावंड सापडणे त्यामुळे अवघड झाले, हेही खरे.

तथापि वरच्या उदाहरणात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. आई आणि वडील मुलाशी नेहमीच अर्धे जुळतात. तसेच आपली मुलेही आपल्याशी अर्धी जुळतात. म्हणजे अर्धा जुळणारा दाता जवळजवळ प्रत्येक घरात असतो. ही गोष्ट मनात धरून पुढे जाऊ या.

१९८३ सालची मुंबई

भारतातील पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात मार्च १९८३ मध्ये झाले. रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेली ती मुलगी अवघी नऊ वर्षांची होती. तिला एचएलए पूर्ण जुळणाऱ्या सख्ख्या भावंडाचा मगज देण्यात आला. हे काम डॉ. सुरेश अडवाणी यांच्या पुढाकाराने झाले. लहानपणी पोलिओ झाल्याने डॉ. अडवाणी चाकाच्या खुर्चीवरूनच काम करीत आले. पुढे त्यांना पद्मश्री आणि पद्मभूषण हे सन्मान मिळाले.

त्या काळी पूर्ण जुळणारा दाता नसेल तर डॉक्टरांचे हात बांधलेले असत. याचे कारण समजून घ्यायला हवे. आपल्या रक्तातील टी पेशी परक्या खुणा पाहून हल्ला करतात. मूत्रपिंड बदलले तर रुग्णाच्या टी पेशी नव्या मूत्रपिंडावर तुटून पडतात. मगजाच्या बाबतीत संकट दुहेरी. रुग्णाच्या उरलेल्या पेशी नवा मगज नाकारू शकतात. उलट, नव्या मगजाबरोबर आलेल्या दात्याच्या टी पेशी रुग्णाच्या कातडीवर, आतड्यांवर आणि यकृतावर हल्ला करू शकतात. पाहुण्याने येऊन यजमानालाच घराबाहेर काढावे, तसा हा प्रकार. म्हणून सगळा भर पूर्ण जुळण्यावर होता.

जागल्या आणि ओसरीवरचा दिवा

१९७५ साली स्वीडनमध्ये रॉल्फ किसलिंग, एव्हा क्लाइन व हान्स विगझेल यांनी आणि त्याच सुमारास अमेरिकेत रोनाल्ड हर्बरमन यांनी रक्तात एक वेगळ्या प्रकारची पेशी दाखवून दिली. ती कर्करोगाच्या पेशींना कोणत्याही पूर्वतयारीशिवाय मारत असे. तिला नाव पडले नैसर्गिक मारक पेशी, थोडक्यात एनके पेशी. आपल्या रक्तातील लसिका पेशींत तिचा वाटा साधारण शेकडा ५ ते १५ असतो.

कोडे असे होते की, ही पेशी शत्रू ओळखते कशी? टी पेशी शत्रूची खूण पाहून ओळखतात, पण एनके पेशींची अशी एक ठराविक खूण काही केल्या सापडेना. उत्तर सुचले ते स्टॉकहोमच्या क्लास केरे यांना. १९८१ च्या आपल्या प्रबंधात त्यांनी वेगळाच विचार मांडला, आणि १९८६ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो उंदरांवरील प्रयोगांनी पक्का केला. विचार असा : एनके पेशी काय आहे ते पाहतच नाही, काय नाही ते पाहते!

आपल्या गावाकडच्या भाषेत सांगतो. पूर्वी गावात रात्री जागल्या फिरत असे. समजा, गावाची रीत अशी आहे की प्रत्येक घराने ओसरीवर दिवा ठेवायचा. हा दिवा म्हणजे पेशीवरची एचएलएची खूण. टी पेशी म्हणजे पोलीस. पोलीस त्या दिव्याच्या उजेडात घरात डोकावतो, आणि चोरीचा माल दिसला, म्हणजेच विषाणूचा तुकडा दिसला, तर कारवाई करतो. आता चोर हुशार झाला. घरात शिरल्यावर त्याने आधी दिवाच विझवला. अंधारात पोलिसाला काही दिसेना. अनेक विषाणू आणि कर्करोगाच्या पेशी नेमके हेच करतात, पेशीवरचे एचएलए काढून टाकतात.

अशा वेळी जागल्या कामाला येतो. दिवा तेवत असलेले घर तो मुकाट्याने ओलांडतो. पण रोजचा दिवा विझलेला दिसला, आणि त्यातच आतून धडपड ऐकू आली, की तो दार फोडून आत शिरतो. जागल्या म्हणजेच आपली एनके पेशी.

किर म्हणजे काय?

जागल्याला दिवा दिसण्यासाठी डोळे हवेत. एनके पेशीच्या अंगावर असे डोळे असतात. शास्त्रीय भाषेत त्यांना ग्राहके म्हणतात. १९९० च्या सुमारास इटलीतील जिनोआच्या मोरेट्टा बंधूंनी माणसातील अशी ग्राहके शोधली, तर १९९२ साली अमेरिकेत वेन योकोयामा आणि सहकाऱ्यांनी उंदरातील ग्राहके दाखवली. माणसातील या मुख्य ग्राहकांच्या गटाला आता 'किर' म्हणतात.

किरचे दोन स्वभाव आहेत. काही किर दिवा दिसताच पेशीला "थांब, घरचा माणूस आहे" असे सांगतात. काही मात्र "चल, मार" म्हणून चिथावतात. याशिवाय संकटातील पेशीवर उमटणाऱ्या धोक्याच्या खुणा हेरणारी ग्राहके निराळी असतात. एनके पेशी या सर्व बाजूंचे ऐकून घेते आणि ज्या बाजूचे पारडे जड, त्याप्रमाणे वागते. त्यामुळे एखादा दिवा मंद झाला म्हणून लगेच ती कोणाचा जीव घेत नाही.

येथे महत्त्वाचा मुद्दा असा की, किरची जनुके एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहेत, तर दिव्यांची म्हणजे एचएलएची जनुके सहाव्यावर. दोन्ही वेगवेगळ्या वाटेने वारशात येतात. म्हणून एचएलए पूर्ण जुळणाऱ्या दोन भावंडांचेही किर वेगळे असू शकतात. किरची जनुके सुमारे १५ आहेत, पण प्रत्येकाकडे ती सगळी असतातच असे नाही. त्यांच्या मांडणीचे ढोबळमानाने 'ए' आणि 'बी' असे दोन प्रकार करतात. रक्तगटाच्या ए, बी शी याचा काहीही संबंध नाही. 'बी' प्रकारात चिथावणारी किर अधिक असतात. जपानी लोकांत 'ए' प्रकार फार मोठ्या प्रमाणात आढळतो. भारतीयांत 'बी' प्रकाराचे प्रमाण बरेच आहे. मुंबईचे पारशी आणि इतर भारतीय यांच्या किर जनुकांची तुलना करणारा एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला आहे.

न जुळणेच उपयोगी पडले

आता मूळ प्रश्नाकडे वळू. इटलीतील पेरुजिया शहरात आंद्रेआ वेलार्दी, लोरेदाना रुजेरी आणि त्यांचे सहकारी अर्ध्या जुळणाऱ्या नातेवाइकांचा मगज वापरून प्रत्यारोपण करीत होते. दात्याच्या रक्तातून ते टी पेशी जवळजवळ पूर्ण काढून टाकीत, आणि मूळ पेशी भरपूर प्रमाणात देत. २००२ साली त्यांनी आपले अनुभव जाहीर केले, तेव्हा या क्षेत्रातील मंडळी चकित झाली.

त्यांना असे आढळले की, काही जोड्यांत दात्याकडे असलेला एखादा दिवा रुग्णाकडे नसतो. दात्याच्या एनके पेशी लहानपणापासून तो दिवा पाहत वाढलेल्या. त्या रुग्णाच्या शरीरात आल्या आणि पाहतात तो ओळखीचा दिवा कुठेच नाही! मग त्या तुटून पडल्या. कोणावर? तर रुग्णाच्या शरीरात लपून उरलेल्या कर्करोगाच्या पेशींवर, आणि नवा मगज नाकारू पाहणाऱ्या रुग्णाच्या जुन्या रक्तपेशींवर. कातडी, आतडी, यकृत अशा निरोगी अवयवांच्या वाटेला त्या सहसा गेल्या नाहीत, कारण तेथे धडपडीचे, म्हणजे धोक्याचे संकेत नव्हते. ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमिया या जातीच्या रक्ताच्या कर्करोगात अशा जोड्यांमध्ये आजार उलटण्याचे प्रमाण फारच खाली आले.

म्हणजे ज्याला आपण दोष समजत होतो, ते न जुळणेच येथे औषध ठरले. २०१० च्या सुमारास अमेरिकेतील अभ्यासातही असे दिसले की, याच जातीच्या कर्करोगात किरचा 'बी' प्रकार असलेल्या दात्यांचा मगज मिळालेल्या रुग्णांत आजार उलटण्याचे प्रमाण कमी होते.

परंतु येथे सावधपणाही हवा. पेरुजियाची पद्धत विशिष्ट होती. जेथे टी पेशी काढून न टाकता प्रत्यारोपण केले, तेथे सर्वांना असाच फायदा दिसला नाही. लहान मुलांत अधिक आढळणाऱ्या लिंफोब्लास्टिक जातीच्या कर्करोगातही निकाल सारखे नाहीत. म्हणून किरची तपासणी हा आजही दाता निवडण्याचा एकमेव किंवा पहिला निकष नाही. दात्याचे वय, त्याची प्रकृती आणि रुग्णाच्या रक्तात दात्याविरुद्ध आधीच तयार असलेली प्रतिद्रव्ये यांचा विचार आधी होतो.

तरीही एक दार उघडले ते उघडलेच. 'अर्धे जुळणारे चालणारच नाही' ही समजूत मोडली. पाठोपाठ २००८ साली बाल्टिमोर आणि सिॲटलच्या डॉक्टरांनी आणखी सोपी वाट दाखविली. प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या व चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड नावाचे जुने औषध द्यायचे. हल्ला करायला उठलेल्या टी पेशी त्याने मरतात आणि मूळ पेशी वाचतात. हे औषध फार महागही नाही. त्यामुळे भारतातील अनेक केंद्रांत अर्ध्या जुळणाऱ्या दात्याचे प्रत्यारोपण आता होऊ लागले आहे. टाटा स्मारकाचे प्रत्यारोपण केंद्र नवी मुंबईत खारघर येथे आहे.

मूत्रपिंडात मात्र उलटा न्याय

येथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की, एनके पेशी म्हणजे सगळीकडे मित्रच. तसे नाही. मूत्रपिंड प्रत्यारोपणात जागल्या रुग्णाचा असतो आणि घर परक्याचे. रुग्णाच्या एनके पेशींना नव्या मूत्रपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्यांवर ओळखीचा दिवा दिसला नाही, तर त्या तेथे हळूहळू दाह निर्माण करू शकतात. फ्रान्समधील लिऑन येथील संशोधकांनी २०१९ साली हे दाखवून दिले. शिवाय रुग्णाच्या रक्तात नव्या मूत्रपिंडाविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार झाली, तर त्यांना धरूनही एनके पेशी हल्ला करतात.

यातून रुग्णाने घ्यायचा धडा सरळ आहे. मूत्रपिंड बदलल्यावर दोन वर्षे सर्व छान चालले म्हणून गोळ्या कमी करणे किंवा बंद करणे घातक आहे. आतला हल्ला बराच काळ दुखत नाही, खुपत नाही. कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

इतर आजारांत काय?

एनके पेशी नसतील तर काय होते, याचा दाखला १९८९ साली अमेरिकेतून प्रसिद्ध झाला. या पेशींचा अभाव असलेल्या एका किशोरवयीन मुलीला कांजिण्या आणि त्या कुळातील इतर विषाणूंचे वारंवार अतिशय गंभीर संसर्ग झाले. या विषाणूंविरुद्ध जागल्या किती मोलाचा आहे, हे त्यावरून कळले. विषाणूही काही कमी नाहीत. सायटोमेगॅलो नावाचा विषाणू पेशीवरचा खरा दिवा विझवतो आणि जागल्याला फसविण्यासाठी खोटा दिवा लावून ठेवतो!

एड्सच्या विषाणूची लागण झाल्यावर काहींचा आजार सावकाश वाढतो. त्यात ठराविक किर आणि ठराविक एचएलए यांच्या जोडीचा हात असल्याचे २००२ साली दिसून आले. काहींच्या शरीरातून 'सी' काविळीचा विषाणू आपोआप निघून जातो. त्यातही अशाच एका जोडीचा वाटा २००४ मध्ये आढळला. त्याच वर्षी केंब्रिजच्या ॲशली मॉफेट आणि सहकाऱ्यांनी गरोदरपणातील रक्तदाबाच्या विकाराशी आईचे किर आणि बाळाचे एचएलए यांचा संबंध दाखविला. गर्भाशयातील एनके पेशी बाळाला मारण्यासाठी नसतात. वार नीट रुजावी, तिला रक्तपुरवठा भरपूर व्हावा यासाठी त्या मदत करतात.

हे सर्व संबंध शक्यतेचे आहेत, विधिलिखित नव्हेत. अमुक किर आहे म्हणून अमुक आजार होणारच, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. वारंवार गर्भपात होणाऱ्या भगिनींच्या हाताच्या रक्तातील एनके पेशी मोजून त्यावर महागडी औषधे सुचविण्याचा प्रकारही काही ठिकाणी चालतो. त्याला पुरेसा शास्त्रीय आधार नाही. 'मारक पेशी वाढवा' अशा जाहिरातींच्या चूर्ण-गोळ्यांबद्दलही तेच म्हणावे लागेल.

विविधता हीच ताकद

आपल्या कृषी विद्यापीठाच्या 'परभणी क्रांती' भेंडीचे नाव शेतकऱ्यांना सांगायला नको. भेंडीच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या विषाणूला तोंड देण्याची ताकद तिच्यात आली ती रानटी भेंडीशी केलेल्या संकरातून. माणसातही एचएलए आणि किर यांचे इतके प्रकार टिकून राहिले ते यासाठीच असावेत की, एकाच रोगाने सगळे गाव एकदम लोळू नये. पण हीच विविधता दाता शोधताना आड येते. नात्याबाहेर पूर्ण जुळणारा दाता मिळायचा तर नोंदणी मोठी हवी. चेन्नईची 'दात्री' ही संस्था २००९ पासून अशी नोंदणी करते. भारतीयांची नोंदणी लोकसंख्येच्या मानाने फार थोडी आहे. मराठवाड्याच्या माणसाशी जुळणारा माणूस मराठवाड्यात सापडण्याचा संभव अधिक. पण नोंदच नसेल तर तो सापडणार कसा?

नोंदणीसाठी गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेतात. पुढे कधी कोणाशी जुळले तर चार-पाच दिवस इंजेक्शने देऊन, हातातील शिरेतून यंत्राद्वारे मूळ पेशी काढून घेतात. बहुतेक वेळा हाडाला छिद्र पाडावे लागत नाही. दात्याच्या शरीरात या पेशी पुन्हा तयार होतात. कंबरेत कायमचे दुखणे लागते, पुरुषत्व जाते, या निव्वळ अफवा आहेत.

कुटुंबाने काय करावे?

प्रथम हे लक्षात घ्यावे की, रक्ताच्या प्रत्येक कर्करोगात प्रत्यारोपण लागत नाही. लहान मुलांतील लिंफोब्लास्टिक प्रकारची अनेक मुले केवळ औषधांनी बरी होतात. तेव्हा उपचार मध्येच सोडू नयेत.

प्रत्यारोपण सुचविले असेल तर अहवालावर नुसते 'जुळत नाही' वाचून परत फिरू नये. "अर्धे जुळते का? आई, वडील, इतर भावंडे यांची तपासणी करायची का? नोंदणीत शोध घेता येईल का?" हे तीन प्रश्न डॉक्टरांना स्पष्ट विचारावेत.

प्रत्यारोपणाची शक्यता असलेल्या रुग्णाला सख्ख्या नातेवाइकांचे रक्त चढवू नये. मायेपोटी भाऊ, बाप रक्त द्यायला धावतात. पण त्यामुळे रुग्णाच्या रक्तात त्यांच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होऊ शकतात आणि उद्याचा दाता हातचा जाऊ शकतो. नातेवाइकांनी आपले रक्त रक्तपेढीला द्यावे आणि रुग्णाला दुसऱ्याचे घ्यावे.

खर्च आणि धोका दोन्ही मोठे आहेत, हे लपविण्यात अर्थ नाही. अर्ध्या जुळणीत जंतुसंसर्गाची भीती बरेच महिने राहते आणि आजार उलटणारच नाही याची हमी कोणीही देऊ शकत नाही. रुग्णालयातील समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी जावे. शासकीय योजना, मुख्यमंत्री व पंतप्रधान सहायता निधी यांची माहिती तेथे मिळते. थॅलेसेमिया आणि अप्लास्टिक ॲनिमियाच्या रुग्णांसाठी कोल इंडियाच्या मदतीची एक योजना २०१७ पासून आहे. तिच्या अटी विचारून घ्याव्यात. मुंबईत राहण्यासाठी दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत कर्करोगाच्या रुग्णांची व नातेवाइकांची सोय होते.

शेवटचे, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. अहवाल घरी आला की तो वडीलधाऱ्यांना समजावून सांगावा. चारात एक हा हिशेब पाटीवर मांडून दाखवावा. रक्ताची ही तपासणी दात्यासाठी आहे, नात्याची परीक्षा घेण्यासाठी नाही.

त्या तरुणाला मी कागद पुन्हा नीट वाचायला सांगितला. खाली बारीक अक्षरांत लिहिले होते की, बहिणीशी त्याचे अर्धे जुळते आहे! पूर्ण जुळत नाही एवढेच त्याला तोंडी सांगण्यात आले होते, आणि धक्क्याने पुढचे काही त्याच्या कानांवर गेलेच नसावे. आई-वडिलांची तपासणी व्हायची होती. मी त्याच्याजवळ डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून दिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आईला घेऊन आला. मी त्या माउलीला पाटीवर तांबडा, पिवळा, निळा, हिरवा असे खडूने काढून दाखविले. ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे माझं अर्धं तर हाये ना तिच्यात?"

"आहे बाई," मी म्हणालो, "तुमचे अर्धे नेहमीच आहे."

दोघेही देवगिरी एक्स्प्रेसने मुंबईला गेले. दाता कोण, आई की भाऊ, हे तेथील डॉक्टर ठरवतील.